गाडीच्या रंगाची कवळी

शुक्रवारी दुपारी सासूबाईंचा फोन आला तेव्हा जावईबापू गॅरेजमध्ये गाडीच्या मागच्या दारावर शेवटचा पॉलिश पेपर फिरवत होते. सासूबाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, सासरेबुवा रविवारी सकाळी दहा वाजता येणार. दोन, येताना गाडी जावयाच्या नावावर करायचे कागद घेऊन येणार. "दिली होती तशी दिसली तर सही करीन म्हणालेत," असं सांगून त्यांनी फोन ठेवला. जावईबापूंनी समोर पाहिलं. गाडी दिली होती तशी दिसत नव्हती. बॉनेटपासून डिकीपर्यंत तिच्या अंगावर रंगाचा टिपूससुद्धा उरला नव्हता, आणि ती नुकत्याच घासलेल्या पातेल्यासारखी लखलखत होती.

हे गृहस्थ कवळ्या बनवायचं काम करत. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं वर्कशॉप होतं आणि गल्लीत सगळे त्यांना कवळीवाले म्हणत. पण या गोष्टीपुरते ते जावईबापूच, कारण सासऱ्यांसमोर ते बावीस वर्षांत दुसरं काही होऊ शकले नव्हते. सासरेबुवा म्हणजे वाहन परवान्याच्या परीक्षा घेणारे निवृत्त अधिकारी. जावईबापूंना त्यांनी लग्नाआधी दोनदा आणि लग्नानंतर एकदा नापास केलं होतं. चार वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःची जुनी गाडी मुलीच्या दारात आणून उभी केली आणि बजावलं, की वापरा, पण कागद माझ्या नावावर राहतील, नीट सांभाळलीत तर पुढे बघू. ते 'पुढे' आता परवावर येऊन ठेपलं होतं.

गाडी नीट सांभाळली नाही, असं कोणाला म्हणता आलं नसतं. उलट ती जरा जास्तच सांभाळली गेली होती. जावईबापूंनी जन्मभर ज्या वस्तू बनवल्या त्यांचा सर्वांत जास्त वेग म्हणजे चावण्याचा वेग, आणि ही खंत त्यांच्या मनात कुठेतरी घर करून होती. सहा महिन्यांपूर्वी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने त्यांना भंगारातल्या गाडीतून काढलेला एक टर्बो दाखवला. गोगलगायीच्या शंखासारखी दिसणारी ती वस्तू. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर आतला पंखा फिरतो, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि गाडी पळत सुटते, असं मेकॅनिकने समजावलं. जावईबापूंनी विचारलं, म्हणजे फुकटचा जोर? मेकॅनिक म्हणाला, फुकटच समजा साहेब. त्यानंतर चार महिने दोघांनी एकही रविवार सोडला नाही. टर्बो बसला, गाडी एकदा मोकळ्या रस्त्यावर नेली, पाय काढल्यावर आतून 'फिस्स' असा आवाज आला, आणि जावईबापू इतके हसले की मेकॅनिकने त्यांना पाणी पाजलं.

टर्बो तापतो हे मेकॅनिकने सांगितलं होतं. किती तापतो ते सांगितलं नव्हतं. आठवड्याभरात बॉनेटवरच्या रंगाला तव्यावरच्यासारखे फुगे आले. मग टर्बोवर उष्णता अडवणारा पत्रा बसवला आणि बॉनेट घासायला घेतलं. साधा माणूस तिथे थांबला असता. पण कवळीवर बोट फिरवलं तर कुठे कड लागता कामा नये, हा ज्याच्या हाताचा वीस वर्षांचा धर्म, तो कसा थांबणार? बॉनेट आणि मडगार्ड जिथे भेटतात तिथे बोटाला कड लागली. ती घालवायला मडगार्ड घासलं, तर कड दारावर गेली. दार घासलं, तर मागच्या दारावर. दारांच्या आतल्या बाजू, बंपर, पेट्रोलच्या टाकीचं इवलंसं झाकण, कड पुढे आणि जावईबापू तिच्या मागे, अशी ती वरात शुक्रवारी दुपारी गाडीची प्रदक्षिणा पुरी करून थांबली, आणि तेव्हाच फोन वाजला.

बायको कपडे वाळत घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि साधाच प्रश्न विचारला.

"रंग कोणता होता हो तिचा?"

जावईबापूंनी धावत जाऊन गाडीतली कागदपत्रं काढली. त्यांत 'मोतिया' असं लिहिलेलं होतं. रंगाच्या दुकानात फोन केला तर तिथे मोतियाचे अठरा प्रकार निघाले. मोबाईलमधले फोटो काढून बघितले, तर एका फोटोत गाडी पिवळी, दुसऱ्यात राखाडी, आणि तिसऱ्यात गाडीपुढे सगळे नातेवाईक उभे. खरवडलेला रंग कुठे असेल म्हणावं, तर त्याची भुकटी सकाळीच कचऱ्याच्या गाडीतून गेली होती. बायको म्हणाली की अंदाजाने मारा, कोणाला कळणार आहे. पण हे बोलताना तिचा स्वतःचाच चेहरा पडला. तीस पावलांवरून चाकातली हवा ओळखणाऱ्या माणसाची ती मुलगी होती.

दोघं पायरीवर बसले. मग जावईबापू एकदम उठले.

सहा वर्षांपूर्वी सासऱ्यांची कवळी त्यांनीच बनवली होती. रंग निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी दातांच्या छटांची पट्टी सासऱ्यांपुढे धरली. सासऱ्यांनी ती एकदा बघून परत केली. हे सगळे लोकांच्या दातांचे रंग आहेत, ते म्हणाले. मला माझ्या गाडीचा द्या, इतकी वर्षं उन्हात उभी आहे, पिवळी पडलेली नाही. सासऱ्यांपुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता. जावईबापूंनी गाडीच्या बॉनेटवर वाटी ठेवून, डोळ्याला पटेपर्यंत पावडरी मिसळल्या आणि त्या रंगाचे दात घडवले. मिश्रण कुठे लिहून ठेवलं नाही, कारण असले दात पुन्हा कोणी मागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. थोडक्यात, गाडीच्या मूळ रंगाचा एकमेव नमुना आता या जगात शिल्लक होता, आणि तो सासऱ्यांच्या तोंडात होता.

त्याच संध्याकाळी जावईबापू सासुरवाडीला पोचले. वाटेत त्यांनी आठ-दहा सबबी रचल्या होत्या, पण त्यातली एकही लागली नाही.

"बाबा, कवळीची सर्व्हिसिंग करायला झाली," ते म्हणाले.

सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "दर किती वर्षांनी करायची असते?"

"सहा."

"मग वेळेवर आलात. पहिल्यांदाच."

सर्व्हिसिंग या शब्दावर सासऱ्यांची अपार श्रद्धा होती. मात्र वस्तू ताब्यात देण्याआधी त्यांनी पावती मागितली, आणि तीही स्वतः सांगून लिहवून घेतली: कवळी एक, वरची व खालची मिळून, चालू स्थितीत ताब्यात घेतली, रविवारी सकाळी दहाच्या आत त्याच स्थितीत परत करीन. खाली जावईबापूंची सही. मग त्यांनी पाठ फिरवून कवळी काढली, रुमालात बांधली आणि सुपूर्द केली. दात नसताना बोलणं त्यांच्या प्रतिष्ठेला शोभणारं नव्हतं, त्यामुळे त्या क्षणापासून त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा निरोप आला की घाई करू नका, काम नीट होऊ द्या, दोन-चार दिवस जास्त लागले तरी चालेल.

शनिवारी उठल्या उठल्या जावईबापूंनी गाडीला अस्तराचा हात मारला आणि दुकान उघडायच्या आधीच ते रंगवाल्याच्या पायरीवर हजर झाले. रंगवाल्याकडे रंग जुळवायचं यंत्र होतं. नमुन्याला टेकवलं की कोणता रंग किती थेंब घालायचा ते सांगणारं. रंगवाल्याने नमुना मागितला. जावईबापूंनी रुमाल सोडला.

रंगवाल्याचा हात नकळत स्वतःच्या तोंडाकडे गेला. "कोणाचा आहे?"

"सासऱ्यांचा."

"विचारून आणलाय ना?"

"पावती दिली आहे," जावईबापू म्हणाले.

पहिल्या खेपेला यंत्र हिरडीवर टेकलं आणि त्याने अतिशय सुरेख गुलाबी रंगाची कृती सांगितली. दुसऱ्या खेपेला ते दाढेवरून घसरलं. मग रंगवाल्याने श्वास रोखून समोरचा वरचा दात पकडला, यंत्राने 'टिक' केलं आणि दुकानातली तीन गिऱ्हाइकं, जी आपापली कामं विसरून भोवती जमली होती, त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. रंगवाल्याने किती हवा म्हणून विचारलं. अख्ख्या गाडीला पुरेल इतका, असं ऐकल्यावर त्याने गाडी आणि दात यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं, पण पुढे काही विचारलं नाही. पुढच्या वेळी ओळखायला सोपं जावं म्हणून डब्याच्या झाकणावर कशाचा नमुना होता ते लिहायची त्याची पद्धत होती. त्याने लिहिलं: सासरे, पुढचा दात.

दुपारी बारापर्यंत गॅरेज सजलं. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी मारलं, भिंतींना प्लास्टिक लावलं. काचा, दिवे, चाकं, दारांच्या मुठी, सगळं जुन्या वर्तमानपत्रांत आणि चिकटपट्टीत अशा निगुतीने गुंडाळलं की एकाही ठिकाणी रंग चुकून जाण्याची शक्यता नव्हती. रंग सुकताना बरोबर उतरतोय का, ते मिळवून बघता यावं म्हणून कवळी बॉनेटशेजारच्या स्टुलावर ठेवली. मेकॅनिककडून आणलेला कॉम्प्रेसर धडधडू लागला आणि जावईबापूंनी स्प्रेगनचा घोडा दाबला.

ते जे काही सुख होतं, त्याची कवळ्यांशी तुलनाच होऊ शकत नाही. इतकी वर्षं ब्रशाच्या टोकाने एक-एक दात रंगवणाऱ्या हाताला एकाएकी अख्खं छप्पर मिळालं होतं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, ते गाडीभोवती नाचतच होते म्हणा ना. मास्कच्या आत ते गात होते, पण कॉम्प्रेसरमुळे ते कोणाला ऐकू गेलं नाही हे बरंच झालं. एक हात झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. धुकं खाली बसलं तेव्हा समोर त्यांच्या सासऱ्यांची गाडी उभी होती, जशी दिली होती तशी, मोतिया आणि ओलसर. जावईबापूंना अगदी भरून आलं.

बायको दारात चहा घेऊन आली होती. तिने गाडीकडे पाहिलं, मान डोलावली, आणि मग तिची नजर खाली गेली.

"अहो, बाबांची कवळी कुठे ठेवलीत?"

"स्टुलावर."

"स्टुलावर एक मोतिया दगड आहे."

जावईबापूंनी मास्क काढला. गॅरेजमध्ये झाकायची राहिलेली ती एकमेव वस्तू होती. तिच्यावरही तीन हात बसले होते, आणि अतिशय सुबक बसले होते. हिरड्या, टाळू, दाढा, सगळं एकाच अखंड, चकचकीत रंगात. कुठेही कड नव्हती.

थिनरने पुसा, असं बायको म्हणाली. पण थिनर लागलं की कवळी विरघळते, हे जावईबापूंना नाही तर कोणाला माहीत असणार. रंग तर पंधरा मिनिटांत दगडासारखा होणारा. एकच इलाज होता. ते कवळी घेऊन मागच्या खोलीत पळाले आणि मोटर सुरू करून घासत बसले. हिरड्यांवरचा रंग निघाला, पण त्याच्याबरोबर हिरड्यांचा थोडा गुलाबी थरही निघाला, म्हणून तो पुन्हा चढवावा लागला. खरी पंचाईत दातांची झाली. यंत्राने रंग इतका हुबेहूब जुळवला होता की दातावरचा रंग निघाला की नाही, हे कोणालाच कळेना. जावईबापूंनी भिंग लावून पाहिलं. बायकोने चष्मा बदलून पाहिलं.

"हा रंग आहे की दात?" तिने विचारलं.

"तेच तर कळत नाहीये."

शेवटी त्यांनी अंदाजाने एकेक दात घासला आणि देवाचं नाव घेऊन काम संपवलं.

रविवारी साडेनऊलाच सासरेबुवा हजर झाले, काखेत कागदांची फाईल आणि तोंड घट्ट मिटलेलं. जावईबापूंनी कवळी तबकात घालून पुढे केली. सासऱ्यांनी ती उलटसुलट बघितली, आत जाऊन बसवली आणि बाहेर आले ते दीड दिवसाचं साठलेलं सगळं बोलणं घेऊनच. सर्व्हिसिंग उत्तम झालीय, असा शेरा त्यांनी आधी दिला. मग शुक्रवारपासून सूपच कसं प्यावं लागलं, घरात कोणाचं कसं चुकतंय आणि ते आपल्याला कसं बोलता आलं नाही, हे सगळं झालं. फाटकाच्या कड्या ढिल्या आहेत हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. मग त्यांनी हात मागे बांधले आणि गाडीभोवती फिरायला सुरुवात केली. परीक्षेला बसलेल्या माणसांच्या काळजात धडकी भरवणारी ती चाल होती.

एक फेरी झाली. दुसरी झाली. बॉनेटपाशी ते थांबले आणि हसले. इथे घात झाला. त्यांचे दात आणि त्यांच्यामागचं बॉनेट एकाच रंगाचं होतं, इतकं एकाच रंगाचं, की ते हसताना गाडीच हसतेय असं वाटत होतं. बायकोने ओठ चावला, पदर तोंडाला लावला आणि गॅसवर काहीतरी आहे असं पुटपुटत ती आत पळाली. आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत राहिला.

"रंग तोच आहे," सासरे म्हणाले. "अगदी तोच. आणि गंमत म्हणजे मला वाटतंय की हा मी रोज रात्री झोपताना बघतो."

"सवयीची गाडी ना, बाबा," जावईबापू कसेबसे म्हणाले.

"असेल. चला, आता एक चक्कर मारू. तुम्ही चालवा."

जावईबापू चालकाच्या जागी बसले. मेकॅनिकने एक गोष्ट पक्की सांगून ठेवली होती, की सुई दोन हजारांच्या खाली ठेवली तर टर्बो झोपून राहतो, वर नेली की जागा होतो. त्यांनी सुईवर डोळे लावले आणि गाडी बाहेर काढली. पहिला चौक येईपर्यंत त्यांना एका सायकलवाल्याने मागे टाकलं. दुसऱ्या चौकात बाबागाडी ढकलत जाणारी एक बाई त्यांच्या बरोबरीने चालू लागली आणि खिडकीतून आत बघून हसली. शेजारी बसलेल्या सासऱ्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग आकाश, मग जावयाकडे.

"इंजिन बरं आहे ना तिचं?"

"उत्तम आहे."

"मग तुम्हाला बरं नाहीये का?"

एवढ्यात रस्ता उजवीकडे वळला आणि समोर टाकीचा चढ आला. शहरातला सर्वांत उभा चढ. सुई दोन हजारांच्या खाली ठेवून तो चढणं शक्य नव्हतं. अर्ध्यावर गाडीने आचके द्यायला सुरुवात केली, मागे ट्रकचा हॉर्न वाजला, गाडी बोटभर मागे सरकली आणि सासऱ्यांचा हात दाराच्या मुठीकडे गेला. उतरून ढकलू का, असं ते विचारणार तेवढ्यात जावईबापूंनी डोळे मिटले आणि पाय दाबला.

टर्बो जागा झाला. दोघांची डोकी सीटला जाऊन चिकटली. ट्रक आरशात लहान होत होत ठिपका झाला, दोन्ही बाजूंची घरं सरसर मागे गेली, सायकलवाला पुन्हा एकदा दिसला आणि लगेच दिसेनासा झाला. चढ संपला तेव्हा जावईबापूंनी पाय काढला आणि त्या भयाण शांततेत गाडी आतून 'फिस्स' अशी बोलली.

"थांबवा," सासरे म्हणाले.

ते खाली उतरले, त्यांनी स्वतः बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. जावईबापू शेजारी हात जोडल्यासारखे उभे राहिले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी टर्बोपासून फुग्यांपर्यंत, फुग्यांपासून कडेपर्यंत सगळं सांगून टाकलं. कवळीचं तेवढं गिळलं, कारण पावतीवर त्यांची सही होती.

सासऱ्यांनी बॉनेट बंद केलं. त्यावर बोट टेकवलं आणि ते बोट न उचलता चालू लागले, मडगार्डवरून, दारावरून, डिकीला वळसा घालून पुन्हा बॉनेटपर्यंत.

"हे सगळं तुम्ही केलंत? घरी?"

"हो, बाबा."

"काम एक नंबर आहे," सासरे म्हणाले.

बावीस वर्षांत या माणसाच्या तोंडून असं वाक्य निघालं नव्हतं. जावईबापूंचे कान गरम झाले, डोळे ओले झाले, आणि आपण रस्त्यात उभे आहोत हेही ते क्षणभर विसरले. सासऱ्यांनी फाईल उघडली, बॉनेटवर कागद पसरले, पेनाचं टोपण काढलं. सहीच्या जागेवर पेन टेकलं. आणि तिथेच ते थांबलं.

"चार वर्षांपूर्वी हा चढ तिला चढवेना," सासरे सावकाश म्हणाले. "तीनदा अर्ध्यावरून मागे आलो. म्हणून तुम्हाला दिली होती."

जावईबापूंनी मान हलवली.

"आता चढते," सासरे म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागद गोळा केले आणि दुसऱ्या बाजूला जाऊन चालकाचं दार उघडलं. "बसा शेजारी. तुम्हाला घरी सोडतो."

ते सोडणं जावईबापू जन्मात विसरणार नव्हते. अकरा मिनिटांचा रस्ता सासऱ्यांनी चार मिनिटांत संपवला. प्रत्येक 'फिस्स'ला ते "ऐकलंत?" असं विचारत होते, आणि जावईबापू दोन्ही हातांनी सीट धरून, स्वतःचं नशीब डोळ्यांदेखत हातातून जाताना बघत, मोठमोठ्याने हसत होते. हसू आवरतच नव्हतं. फाटकाशी गाडी क्षणभर थांबली, ते उतरले, आणि मोतिया रंगाचा तो पट्टा पुढच्या वळणावर दिसेनासा झाला.

बायको धावत बाहेर आली. नवऱ्याचे केस उभे होते आणि चेहरा फुललेला होता.

"सही केली त्यांनी?"

"काम पसंत पडलं त्यांना."

"खरंच? किती?"

जावईबापूंनी रिकाम्या गॅरेजकडे एकदा पाहिलं.

"घेऊन गेले," ते म्हणाले.